संमतीपत्रावरची सही आणि केसपेपरवरची नोंद

तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या एका तरुण दंतवैद्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाहेरून येणाऱ्या ओरल सर्जननी (तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियांच्या तज्ज्ञांनी) त्यांच्या दवाखान्यात एका पन्नाशीतल्या शेतकऱ्याची उजवीकडची खालची अक्कलदाढ काढली. सहा आठवडे झाले तरी रुग्णाचा खालचा ओठ आणि हनुवटीची उजवी बाजू बधिर आहे. दाढ काढण्यापूर्वी छापील इंग्रजी संमतीपत्रावर रुग्णाची सही घेतली होती. आता रुग्णाचा मुलगा 'असे होऊ शकते हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही' असे म्हणतो आहे आणि सगळे कागद मागतो आहे. ती सही पुरेशी आहे का, कागद द्यावेत का, आणि यापुढे नोंदी कशा व किती वर्षे ठेवाव्यात, असे त्यांनी विचारले आहे.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलून मी कागदांपासून सुरुवात करतो, कारण त्यातली एक गोष्ट आजच्या आज पाळायची आहे. जुन्या केसपेपरमध्ये आता एक अक्षरही वाढवू नका. त्या दिवशी बोलणे झाले होते पण लिहायचे राहिले, असे तुम्हाला खात्रीने आठवत असले तरी ते मागच्या तारखेच्या नोंदीत घुसवू नका. लिहायचेच असेल तर आजची तारीख आणि वेळ घालून, 'आठवणीवरून केलेली नोंद' असे स्पष्ट म्हणून, शेवटच्या नोंदीच्या खाली लिहा. वेगळ्या शाईने, दोन ओळींच्या मधल्या जागेत दाटीवाटीने बसवलेली 'रुग्णास धोके समजावून सांगितले' ही ओळ तज्ज्ञ मतासाठी आलेल्या कागदांमध्ये मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती नसती तर त्या डॉक्टरांची बाजू अधिक भक्कम राहिली असती, असेच बहुतेक वेळा वाटले आहे. एका नोंदीवर संशय आला की समोरचा वकील उरलेल्या सगळ्या नोंदींवर बोट ठेवतो.

कागद द्यावेतच. भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहिता नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत, पोच घेऊन, ते द्यायचे असतात. त्याच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात रुग्णाला त्याच्याच केसपेपरच्या प्रती नाकारताना रुग्णालयांना गोपनीयतेची सबब सांगता येणार नाही, असे म्हटले होते. मात्र इथे मागणी मुलाने केली आहे आणि रुग्ण सज्ञान, शुद्धीवर असलेला माणूस आहे, हे विसरू नका. वडिलांचे दात, वडिलांची मधुमेहाची माहिती, वडिलांचे व्यसन हे सगळे त्या कागदांत आहे आणि ते वडिलांचे आहे. म्हणून रुग्णाच्या सहीचे दोन ओळींचे अधिकारपत्र मागा, मुलाला अपमान वाटणार नाही अशा शब्दांत मागा, आणि ते मिळताच साक्षांकित प्रती द्या. मूळ केसपेपर तुमच्याकडेच राहतो. ओपीजीची (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेची) मूळ फिल्म रुग्ण घरी घेऊन गेला असेल तर तसे पोचपावतीवर लिहून घ्या, कारण पुढे ती फिल्म सापडत नाही आणि दवाखान्याने दडवली असा समज होतो.

कागदांपेक्षाही आधी त्या ओठाकडे लक्ष द्यायला हवे. रुग्णाला बोलवा, कापसाच्या टोकाने आणि बोथट टोचणीने बधिर भागाची सीमा तपासा, चेहऱ्याच्या साध्या रेखाकृतीवर ती सीमा ठिपक्यांनी आखा, शेजारी तारीख घाला, आणि दर महिन्याला नवी आकृती काढा. जिभेची संवेदना आणि चव वेगळी विचारा. सहाव्या आठवड्याला मुंग्या येऊ लागल्या असतील तर ते नस सावरत असल्याचे चांगले लक्षण आहे, आणि बहुतेक रुग्णांमध्ये काही आठवड्यांत ते काही महिन्यांत संवेदना परत येते. फरकच पडत नसेल, किंवा विजेचा झटका बसल्यासारखी वेदना सुरू झाली असेल, तर नसांच्या इजांचा अनुभव असलेल्या ओरल सर्जनकडे लेखी चिठ्ठी देऊन पाठवा आणि त्या चिठ्ठीची प्रत ठेवा. 'तुम्हाला त्रास होतो आहे, तो मला दिसतो आहे, मी यात तुमच्या बरोबर आहे' असे म्हणणे म्हणजे निष्काळजीपणाची कबुली देणे नव्हे. तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसांशी बोलताना मला वारंवार जाणवलेली गोष्ट अशी की, गुंतागुंत झाल्यामुळे जेवढे लोक चिडतात त्याहून अधिक लोक त्यानंतर डॉक्टर फोन उचलत नाहीत म्हणून चिडतात.

आता सहीविषयी. आपल्याकडे या बाबतीत पायाभूत मानला जाणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात दिला. निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून भूल दिलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या महिलेचे गर्भाशय आणि बीजकोश, ती बेशुद्ध असतानाच, बाहेर थांबलेल्या तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. डॉक्टरांचा वैद्यकीय निर्णय चुकीचा होता असे न्यायालयाने म्हटले नाही. तरीही, जिवाला तातडीचा धोका नसताना एका प्रक्रियेसाठी घेतलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला चालत नाही आणि सज्ञान रुग्णाच्या वतीने आई संमती देऊ शकत नाही, हे स्पष्ट करून शस्त्रक्रियेची फी नाकारली आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. किती माहिती द्यायची याचेही माप त्याच निकालात आहे. उपचार काय आहे व कसा करणार, तो कशासाठी, त्याचा फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, ठळक धोके कोणते आणि उपचार नाकारले तर काय होईल, एवढे सांगायला हवे. अतिशय दूरचे, केवळ पुस्तकी धोके सांगून रुग्णाला आवश्यक उपचारांपासून घाबरवून पळवण्याची अपेक्षा न्यायालयाने ठेवलेली नाही.

मग ओठ बधिर होणे हा ठळक धोका की पुस्तकी? याचे उत्तर त्या रुग्णाच्या एक्स-रेमध्ये असते. खालच्या अक्कलदाढा काढताना नसेला तात्पुरती इजा शंभरातल्या मोजक्या रुग्णांना होते, आणि कायमची इजा सर्वसाधारणपणे शंभरात एकाहूनही कमी जणांना होते. पण रूड आणि शेहाब या संशोधकांनी १९९० मध्ये मांडलेल्या खुणा, म्हणजे जबड्याच्या हाडातली नसेची नळी ओलांडते तिथे मूळ काळसर दिसणे, नळीची पांढरी कड तुटलेली दिसणे, नळीने वळण घेतलेले असणे, यांपैकी एखादी खूण ओपीजीवर असेल तर त्या रुग्णासाठी हा धोका कितीतरी पटीने वाढलेला असतो. अशा वेळी तो सांगितलाच पाहिजे, आणि केवळ सांगून भागत नाही. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करून मूळ आणि नळी यांचे नाते बघणे, किंवा मुळे जागीच ठेवून दाढेचा वरचा भाग तेवढा काढणे, हे पर्यायही सांगायला हवेत. सरळ उभी, नळीपासून दूर असलेली दाढ असेल तर एका वाक्यात उल्लेख पुरतो. तुम्ही तुमच्या रुग्णाचा तेव्हाचाच ओपीजी पुन्हा एकदा नीट बघा. त्यावर यांतले काही दिसत असेल आणि केसपेपरवर त्याविषयी एकही शब्द नसेल, तर छापील फॉर्मवरची सही तुम्हाला फारशी वाचवू शकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या फॉर्मचे दुबळेपण कुठे आहे ते पाहा. तो इंग्रजीत आहे आणि रुग्णाने मराठीत सही केली आहे. त्यात दात काढण्यापासून इम्प्लांटपर्यंत सगळ्या उपचारांची एकच यादी आहे आणि त्यातल्या कशावरही खूण केलेली नाही. दाढेचा क्रमांक लिहिण्याची जागा रिकामी आहे. शिवाय, बहुतेक दवाखान्यांत घडते तसेच इथेही घडले असेल, तर सही रिसेप्शनवरच्या ताईंनी फीचे पैसे घेताना घेतली असेल. कोणत्याही शस्त्रक्रियेला चालेल असा सरसकट छापलेला संमतीचा मजकूर ग्राहक आयोगांना मान्य होत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १३ मध्ये संमतीची जी कसोटी आहे, दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणे, त्या कसोटीला इंग्रजी न येणाऱ्या माणसाची इंग्रजी मजकुराखालची सही कशी उतरावी? जोडीला मराठीतली, डॉक्टरांच्या हातची नोंद असेल, तरच त्या सहीला वजन येते.

तशी नोंद कशी दिसते, ते एका काल्पनिक केसपेपरवरून दाखवतो.

'सकाळी ११.२०. ४८, उजवी खालची अक्कलदाढ. तिरकी, अर्धवट उगवलेली. वर्षभरात तीनदा हिरडीला सूज. ओपीजी: मूळ नसेच्या नळीवर, नळीची वरची पांढरी रेषा तिथे तुटलेली. रुग्णास एक्स-रे दाखवून मराठीत सांगितले. पत्नी सोबत होत्या. ओठ व हनुवटी बधिर राहू शकते, बहुधा काही आठवडे ते महिने, क्वचित कायमची. जिभेची बधिरता क्वचित. सूज, तोंड कमी उघडणे चार-पाच दिवस. पर्याय: न काढणे (सूज पुन्हा येण्याची शक्यता), मुळे ठेवून वरचा भाग काढणे, आधी सीबीसीटी. रुग्णाने विचारले, "ओठ वाकडा होईल का?" सांगितले: वाकडा होत नाही, ओठ हलतो, स्पर्श कळत नाही. "घरी विचारून सोमवारी सांगतो" म्हणाले. आज सही घेतली नाही.'

ही नोंद लिहायला तीन-चार मिनिटे लागतात. तिच्यातला सर्वांत मोलाचा भाग रुग्णाने विचारलेला प्रश्न हा आहे. 'ओठ वाकडा होईल का' ही शंका डॉक्टरांच्या डोक्यात सहसा येत नाही, कारण ही नस स्पर्शाची आहे, हालचालीची नाही, हे त्यांना माहीत असते. त्यामुळे ती शंका कागदावर असेल तर समोर खरोखर एक माणूस बसला होता, त्याने ऐकले होते आणि ऐकून तो विचारात पडला होता, हे वाचणाऱ्याला आपोआप पटते. 'आज सही घेतली नाही' या शब्दांनाही असेच वजन आहे. रुग्णाला विचार करायला वेळ दिला होता, याचा त्याहून चांगला पुरावा कोणता असणार? म्हणून माझा आग्रह असा की, तातडी नसलेल्या कोणत्याही शस्त्रक्रियेत बोलणे एका दिवशी आणि सही दुसऱ्या दिवशी व्हावी. गळ्यात एप्रन बांधलेल्या, खुर्ची मागे झुकवलेल्या, अर्धा जबडा सुन्न झालेल्या माणसापुढे पेन धरले तर तो सही करणारच, पण तिला संमती म्हणताना आपल्यालाच अवघडल्यासारखे व्हायला हवे.

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांचा प्रश्न आपल्याकडे विशेष गुंतागुंतीचा आहे. ओरल सर्जन एका दुपारी तीन गावांतले तीन दवाखाने करतात, खुर्चीवर तयार बसलेल्या रुग्णाला प्रथमच भेटतात आणि संमती 'घरच्या डॉक्टरांनी' घेतली असेल असे गृहीत धरतात. घरच्या डॉक्टरांना वाटते, शस्त्रक्रिया करणारे सांगतील. रुग्णाच्या दृष्टीने दवाखाना तुमचा, पावती तुमची, म्हणून तक्रारीत तुमचे नाव पहिले येणार. जो माणूस शस्त्रक्रिया करणार आहे, त्यानेच धोके आणि पर्याय सांगावेत, हे तत्त्व म्हणून मी ठामपणे मानतो, पण गावोगाव फिरणाऱ्या तज्ज्ञाला आधीची भेट दर वेळी शक्य नसते हेही मला कळते. तेव्हा व्यवहारात असे करा: पहिले बोलणे तुम्ही करा व लिहा, एक्स-रे तज्ज्ञांना आधी पाठवून त्यांचे मत मागवा व तेही चिकटवा, आणि प्रत्यक्ष दिवशी इंजेक्शन देण्यापूर्वी तज्ज्ञांनी रुग्णाशी पाच मिनिटे बोलून केसपेपरवर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून सही आणि नोंदणी क्रमांक घालावा. शस्त्रक्रियेची नोंदही त्यांनीच लिहायला हवी. हाड किती कापले, दाढेचे किती तुकडे केले, नस दिसली का, हे तुम्ही ऐकीव माहितीवर लिहिण्यात अर्थ नाही. जे तज्ज्ञ एवढे लिहायला नाखूश असतील, त्यांना बोलवू नये, असा माझा सल्ला आहे.

सही कोणाची, याविषयी आपल्या घरांत एक सवय खोलवर आहे. आईची कवळी असो की इम्प्लांट, सही मुलगा करतो. बायकोची दाढ काढायची तर फॉर्म नवऱ्यापुढे सरकवला जातो आणि ती स्वतः शेजारी बसून ऐकत असते. समीरा कोहली निकालानंतर याला कायद्यात काहीच आधार उरलेला नाही. सज्ञान आणि समजण्याच्या स्थितीत असलेल्या रुग्णाची सही त्याची स्वतःचीच लागते. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून जरूर घ्या. सही येत नसेल तर 'निशाणी डावा अंगठा' असे लिहून ठसा घ्या, आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्याचे नाव व सही खाली घ्या. वाचून दाखवणारी व्यक्ती शक्यतो दवाखान्यातली नसावी. अहिराणी, हिंदी किंवा उर्दूत बोलणे झाले असेल तर तसे लिहा.

मुलांच्या बाबतीत अधिक काटेकोर राहा. फौजदारी कायद्यात बारा वर्षांखालील मुलाची संमती ग्राह्य नसते, पूर्वी भारतीय दंड संहितेत हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसेच आहे. कराराच्या दृष्टीने मात्र अठरा पूर्ण व्हावी लागतात. म्हणून अठराच्या आत आई किंवा वडिलांची सही, आणि समजत्या वयाच्या मुलालाही विचारून त्याचे 'हो' नोंदवणे, ही सुरक्षित पद्धत आहे. मामाच्या गावी सुट्टीला आलेल्या नातवाला आजोबा घेऊन येतात, तेव्हा दुखणे थांबवण्यापुरते उपचार करा, आईवडिलांशी फोनवर बोलून वेळ आणि क्रमांकासह लिहा, आणि दात काढण्यासारखी परत न फिरवता येणारी गोष्ट शक्य असेल तर पालक येईपर्यंत थांबवा. दात नीट करण्याच्या तारांसाठी चार निरोगी उपदाढा काढायच्या असतील तर दोन्ही पालकांशी बोलणे हिताचे, कारण 'चांगले दात कशाला काढले' हा प्रश्न नंतर विचारणारा नेहमी तोच पालक असतो, जो पहिल्या भेटीला आलेला नसतो.

उपचार चालू असताना बेत बदलतो, तिथे आपल्या व्यवसायातल्या बऱ्याच तक्रारी जन्माला येतात. रूट कॅनलसाठी ३६, म्हणजे डावी खालची पहिली दाढ, उघडली, जुने सिमेंट काढले आणि तळापर्यंत गेलेली भेग दिसली. आता दाढ वाचणार नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने दाढ काढणे हाच योग्य उपचार, रुग्ण सुन्न आहेच, पुन्हा इंजेक्शन कशाला, म्हणून दाढ काढली जाते. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय बिनचूक असतो आणि रुग्ण मात्र रूट कॅनलला येऊन दाढ गमावून घरी जातो. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णापेक्षा आपले काम इथे सोपे आहे, कारण आपला रुग्ण जागा असतो. खुर्ची सरळ करा, आरशात किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर भेग दाखवा, फोटो काढा, तोंडातला कापूस बाहेर काढून त्याला बोलता येऊ द्या, आणि त्याने 'आज नको' म्हटले तर तात्पुरते सिमेंट भरून पाठवा. या सगळ्याची वेळ घालून नोंद करा. जिवाला धोका असल्याने न विचारता पुढे जावे लागले, असे प्रसंग दंतवैद्याच्या खुर्चीवर फारच विरळा येतात.

नकाराची नोंद मात्र जवळपास कोणीच करत नाही, आणि ती संमतीइतकीच महत्त्वाची आहे. वर्षानुवर्षे मिशरी लावणाऱ्या मावशींच्या गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा दिसतो, तुम्ही तुकडा तपासायला सांगता, त्या म्हणतात, 'तुकडा काढला की वाढतंय, आमच्या शेजारणीचं असंच झालं.' त्यांनी जे म्हटले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. चट्ट्याची जागा, मिलिमीटरमध्ये आकार आणि फोटो ठेवा. हा कर्करोग असू शकतो हे स्पष्ट शब्दांत सांगितल्याचे लिहा, कारण 'तपासून घ्या' एवढे ऐकून कोणी शहरात जात नाही. कोणत्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली ते लिहा. दोन आठवड्यांनी फोन केला, काय उत्तर मिळाले, तेही लिहा. हीच गोष्ट पहिल्या बैठकीतच दुखायचे थांबले म्हणून पुन्हा न फिरकणाऱ्या रूट कॅनलच्या रुग्णांची, आणि रूट कॅनल झाल्यावर कॅप न बसवणाऱ्यांची. वर्षाने दाढेचे दोन तुकडे होतात, आणि 'कॅप बसवा असे कोणी सांगितले नाही' हे वाक्य तुमच्या कानावर पडते.

रोजच्या नोंदीत काय असावे हे तुम्हाला महाविद्यालयात शिकवलेले आहे. तिथे वेळ न घालवता, प्रत्यक्षात हमखास गळणाऱ्या गोष्टी सांगतो. दाताचा क्रमांक अंकात आणि शब्दांत, दोन्ही प्रकारे लिहा. ४६ ऐवजी ३६ लिहिले गेले तरी 'उजवी खालची पहिली दाढ' या शब्दांमुळे चुकीच्या बाजूचा दात निघण्याचे टळते. बधिर करण्याच्या औषधाचे नाव, अॅड्रेनॅलिनसह की शिवाय, आणि किती मिलिलिटर, हे लिहा, नुसते 'एल.ए. दिले' याने काही कळत नाही. प्रकृतीची माहिती पहिल्या भेटीत भरून घेतलेली असते आणि चार वर्षांनी तीच चालवली जाते. मधल्या काळात रुग्णाची अँजिओप्लास्टी होऊन रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात, किंवा हाडे ठिसूळ झाली म्हणून आजींना अॅलेंड्रोनेट चालू असते. त्यामुळे प्रत्येक नव्या उपचाराआधी औषधांची पाकिटे बघून नवी तारीख घाला. इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवा. रूट कॅनलमध्ये फाइल (दाताचे मूळ आतून साफ करण्याची बारीक सुई) तुटली तर त्याच दिवशी रुग्णाला सांगा, एक्स-रे ठेवा आणि लिहा; तुटलेला तुकडा स्वतःहून सांगितला तर ती गुंतागुंत ठरते, आणि तीन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांच्या एक्स-रेत सापडला तर ती लपवाछपवी ठरते. लिहिताना चूक झाली तर एकच आडवी रेघ मारा, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी सही आणि तारीख; पांढरी शाई दवाखान्यात ठेवूच नका.

किती वर्षे? २०१४ च्या नियमावलीप्रमाणे उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे. हा आकडा मला अपुरा वाटतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, पण कारण कधी घडले यावरच वाद होतो, आणि दोष उशिरा उघडकीस आला तर रुग्णाचे म्हणणे ऐकले जाते. विलंब माफ करण्याची तरतूदही कायद्यात आहे. मुदतीच्या कायद्यानुसार अज्ञान मुलाला दिवाणी दाव्यासाठी सज्ञान झाल्यानंतरही काळ मिळतो. त्यामुळे मोठ्यांचे कागद दहा वर्षे, मुलांचे निदान एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि इम्प्लांट, जबड्याच्या शस्त्रक्रिया व चालू वादातले कागद नष्टच न करणे, असा नियम मी सुचवतो.

संगणकावर नोंदी ठेवत असाल तर जागेचा प्रश्न मिटतो, दुसरे प्रश्न येतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद सॉफ्टवेअर आपोआप ठेवते का, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. ठेवत नसेल तर त्या नोंदीला हाताने लिहिलेल्या केसपेपरइतकेही वजन मिळणार नाही. न्यायालयात संगणकीय नोंद दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, हे तुमच्या वकिलांच्या कानावर असू द्या. रुग्णांचे एक्स-रे आणि तोंडाचे फोटो तज्ज्ञांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना नाव झाका, आणि उपचारांआधीचे व नंतरचे फोटो जाहिरातीसारखे समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर त्याची लेखी परवानगी वेगळी घ्या. उपचारांच्या संमतीत ती गृहीत धरता येत नाही.

तुमच्या या प्रकरणात अजून नोटीस आलेली नाही, ही जमेची बाजू आहे. व्यावसायिक विमा असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा, कारण उशिरा कळवल्यास दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. ओरल सर्जननाही त्यांच्या विमा कंपनीला कळवायला सांगा, आणि त्यांनी त्या दिवसाची नोंद केली नसेल तर आजच्या तारखेने वेगळे निवेदन लिहून घ्या. ग्राहक आयोगाकडून तक्रार आलीच तर उत्तर देण्यासाठी ३० दिवस मिळतात, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. एवढ्या दिवसांत वकील गाठायचा, तज्ज्ञ मत मिळवायचे आणि सगळे कागद मांडायचे असतात, तेव्हा ओपीजी, केसपेपर, संमतीपत्र, पावत्या, औषधाच्या चिठ्ठ्यांच्या प्रती, अपॉइंटमेंटची वही आणि बधिरतेच्या त्या मासिक आकृत्या एकाच फायलीत, पानांवर क्रमांक घालून, आतापासूनच लावून ठेवा.